एक दुवा कमी

“ज्ञान घरबसल्या चालत येत नाही! ज्ञानाच्या दारी आपण जायचं असतं, मग ते दार जगाच्या टोकाला का असेना!” असं शेख हम्शादांनी निशापूरच्या मोठ्या मशिदीत, मधल्या खांबाला पाठ टेकून, दोनशे माणसांसमोर जाहीर केलं. माणसं भारावून गेली. मागच्या रांगेतल्या एकाला तर हुंदका आवरेना. मग शेख उठले, बाहेर आले, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, “वासित नेमकं कुठे रे? बगदादच्या अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे. बगदादहून होडीनं चार-पाच दिवस.”

“आणि बगदाद?”

“उंटाच्या पावलानं दीड महिना.”

“आता बोलून बसलोय,” ते म्हणाले. “तू कधी निघतोस?”

मशिदीच्या दाराशी माझं कागदाचं दुकान. समरकंदी कागद घेऊन मी वर्षाआड बगदादला जात असे. त्यामुळे निशापुरातल्या ज्या विद्वानाला ज्ञानाच्या दारी जायचं असे, तो माझ्या उंटांच्या मागे येई.

हम्शाद तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. बसऱ्याला पूर्वी एक काझी होऊन गेले. त्यांच्या वचनांचा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ हम्शाद वीस वर्षं लिहीत होते. आता, आमच्यात नुसतं वचन सांगून भागत नाही. ते कोणाकडून ऐकलं, त्यानं कोणाकडून ऐकलं, अशी नावांची साखळी आधी सांगायची आणि मग वचन. साखळी जितकी आखूड, तितका मान मोठा. एक दुवा कमी व्हावा म्हणून लोक वाळवंटं तुडवतात. वचन तेच, शब्द तेच, नाव मात्र एक कमी. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. आम्हालाही वाटतो, पण दुसऱ्यानं केला तर.

एकोणचाळीस प्रकरणं झाली होती. चाळिसावं शेजारधर्माचं. त्यात घालण्याजोगं काझींचं एकच वचन होतं: ‘शेजाऱ्याची भिंत पडली तर आधी विटा उचलू लागा, भांडण नंतर.’ आणि हे वचन सबंध निशापुरात एकाच माणसापाशी होतं. त्याचं नाव सुरैज. सुरैजनं ते तरुणपणी वासितच्या अबू वहबांकडून ऐकलं होतं, आणि अबू वहबांनी सोळाव्या वर्षी प्रत्यक्ष काझींच्या तोंडून.

सुरैज राहायचा हम्शादांच्या शेजारी. मधे एक भिंत.

तीस वर्षांपूर्वी दोघे बरोबरच इराकला निघाले होते. वाटेत रय्य शहरात हम्शादांना ताप भरला. सुरैज म्हणाला, “तू बरा हो, मी आलोच,” आणि चार वर्षांनी आला. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत तो घसा खाकरून सुरुवात करी, “मी वासितला असताना...” मग थांबे, हम्शादांकडे पाही, आणि मऊ आवाजात म्हणे, “काही लोक रय्यपर्यंतच पोचतात. त्यांचाही दोष नाही.”

“त्याचं नाव माझ्या ग्रंथात?” हम्शाद मला म्हणाले. “त्यापेक्षा चाळीस प्रकरणं तंदुरात घालीन. अबू वहब अजून जिवंत आहेत. मी त्यांच्याकडूनच ऐकणार.”

“शहाण्णव वर्षांचे आहेत.”

“म्हणून तर उद्याच निघायचं.”

निघालो. वाटेतलं फार सांगत नाही. रय्य आलं तेव्हा सगळा काफिला तीन दिवस थांबला. हम्शाद पहिल्या दिवशी उंटावरून उतरलेच नाहीत. पाणी वर मागवलं, भाकरी वर मागवली. दुसऱ्या दिवशी उंटच खाली बसला, तेव्हा नाइलाज झाला.

बगदादला कागद विकला. पुढे आपलं काही काम नव्हतं, पण आता शेवट पाहिल्याशिवाय मला राहवेना. होडीनं वासितला पोचलो.

अबू वहबांचं घर कालव्याच्या काठी, खजुरीखाली. दार उघडलं त्यांच्या मुलीनं, लुबाबानं. तिचीच सत्तरी आली होती. हम्शादांनी दाराबाहेरूनच आपण कोण, कुठून आलो, किती दिवस चाललो, हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“कुठलं वचन हवंय?”

“भिंतीचं.”

“ते बाबा विसरले.”

हम्शादांनी चौकटीचा आधार घेतला. “वही असेल ना?”

“पुरात गेली.”

“तुम्ही कधी ऐकलं होतं?”

“ते हे सांगत होते तेव्हा मी सासरी होते. या, आत या. भाजीभाकरी खा. इतक्या लांबून आलात, निदान जेवून जा.”

दुसरा कोणी असता तर जेवून गेला असता. हम्शाद जेवले आणि राहिले. “विसरलेलं आठवतं,” ते मला म्हणाले. “मेहनत पाहिजे.” दुसऱ्या दिवसापासून मेहनत सुरू झाली. मनुकांनी स्मरण वाढतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून रोज सकाळी एकवीस मनुका. वर चघळायला लोबान. आंबट सफरचंदानं विसर पडतो, आणि म्हाताऱ्यांचा जीव तर आंबट सफरचंदावर. तेव्हा घरातली सगळी सफरचंदं हम्शादांनी उचलून माझ्या पोत्यात लपवली.

“कोण आहे हा?” अबू वहबांनी मुलीला विचारलं.

“खुरासानातल्या निशापूरहून आलेत बाबा. विद्यार्थी आहेत.”

“विद्यार्थी? याची दाढी तर पांढरी आहे. आणि माझी सफरचंदं का चोरतो?”

“शेख, तुमच्या स्मरणासाठी,” हम्शाद अदबीनं म्हणाले.

“शहाण्णव वर्षं झालीत हो त्यांना,” लुबाबा म्हणाली. “विसरायला सफरचंद कशाला लागतंय?”

नऊ दिवस गेले. म्हाताऱ्यांना काझींचं पांढरं गाढव आठवलं, काझींच्या बायकोचा आवाज आठवला, बसऱ्याच्या बाजारात हरवलेली स्वतःची टोपी आठवली. भिंत काही आठवेना. रोज संध्याकाळी हम्शाद कोरा कागद गुंडाळून ठेवायचे आणि म्हणायचे, “उद्या.”

दहाव्या दिवशी जेवणानंतर म्हातारे भिंतीला टेकून अर्धवट डोळे मिटून बसले होते. हम्शाद पुढे सरकले.

“शेख, काझी म्हणाले होते ना, शेजाऱ्याची भिंत पडली तर आधी विटा उचलू लागा?”

“हो,” म्हातारे म्हणाले.

“भांडण नंतर?”

“नंतर.”

“हे तुम्ही स्वतः काझींच्या तोंडून ऐकलं?”

“ऐकलं.”

बोरू कागदावर धावला. मी डोकावलो. ‘मला अबू वहब यांनी सांगितलं, ते म्हणाले, मला काझींनी सांगितलं...’ बस्स. मधे सुरैजचं नावनिशाण नाही. शाई अजून ओली होती. हम्शादांच्या चेहऱ्यावर मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं हसू आलं, आणि मला वाटलं, चला, सुटलो, उद्या घरी निघू.

पण ते हसू तिथेच थिजलं. हम्शाद कागदाकडे पाहत राहिले. मग पुन्हा पुढे झुकले.

“शेख, आणि काझी असंही म्हणाले होते ना, की भिंत शेजारणीची असेल तर विटा मांजरानं उचलाव्यात?”

“हो.”

“मांजर काळं असावं?”

“काळंच बरं,” म्हातारे म्हणाले, आणि घोरू लागले.

मला हसू फुटलं. हम्शाद हसले नाहीत. त्यांनी चाकू काढला आणि ओळ खरवडायला घेतली. खरवडता खरवडता कागदाला भोक पडलं, तेव्हा त्यांनी पानाच्या चिंध्या केल्या. माझा उत्तम समरकंदी कागद.

“अरे, डोकं फिरलंय का?” मी म्हणालो. “म्हातारा हो म्हणाला, मी ऐकलं. मांजराचं कोणाला सांगायचंय? वचन तर खरंच आहे!”

“वचन खरं आहे रे,” हम्शाद म्हणाले. “माझं ऐकणं खोटं आहे. आपणच घास भरवायचा आणि त्यांनी वाढला म्हणायचं? मी सुरैजला नावं ठेवतो, पण असलं काही त्यानं आयुष्यात केलेलं नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून बहुधा चुकून निसटलं. पण पडद्याआड लुबाबा होती, तिनं ऐकलं. ती बाहेर आली, माझ्या पोत्यात हात घातला, एक सफरचंद काढलं आणि हम्शादांपुढे ठेवलं. “खा,” म्हणाली. “उद्या सकाळच्या नमाजानंतर बसा त्यांच्यापाशी. तेव्हा त्यांचं डोकं जाग्यावर असतं. आणि भरवू नका, विचारा.”

सकाळी म्हातारे खरोखरच जाग्यावर होते. नजर स्वच्छ. हम्शादांनी नीट विचारलं: निशापूरचा सुरैज तुमच्या नावानं एक वचन सांगतो, ते तुमचं आहे का?

“सुरैज? डावखुरा? तो पोरगा एक टिंब सोडत नसे. मी शिंकलो तर तेही लिहून घ्यायचा.” म्हातारे खुशीत आले. “तो म्हणतो मी सांगितलं, तर सांगितलंच असणार. पण पोरा, मला काही आठवत नाही. ‘ऐकलं’ असं मी म्हणणार नाही. उद्या वर जायचंय.”

“मग मी काय करू शेख?”

“मी तुला सांगतो की. फक्त असं सांगेन: मला सुरैजनं सांगितलं, की मीच त्याला सांगितलं, की मला काझींनी सांगितलं.”

मी बोटं मोजली. एक दुवा कमी करायला आलो होतो; एक वाढला होता, आणि सुरैज बरोब्बर मधोमध बसला होता.

हम्शादांनी डोळे मिटले. पण दौतीचं झाकण उघडलं. “चालेल,” ते म्हणाले. “सांगा.”

“असं कसं सांगू? सुरैजनं मला कुठे सांगितलंय? तू सांगतोयस. तू त्याच्याकडून ऐकलंस का?”

“भिंतीपलीकडून.”

“त्याला ठाऊक होतं?”

“नाही.”

“मग ते ऐकणं नव्हे, ती चोरी. आधी सफरचंदं, आता हे!” म्हाताऱ्यांनी मान हलवली. “तू असं कर. निशापूरला जा, त्याच्यापुढे बस, रीतसर ऐक, मग इथे येऊन मला सांग, मग मी तुला सांगतो. आणि जरा लवकर ये. मी काही कायमचा बसलेलो नाही.”

मग त्यांनी कागद मागितला. एकेक अक्षर पेरल्यासारखं त्यांनी लिहिलं: ‘सुरैज माझ्या नावानं जे सांगेल ते माझंच समजावं. मी विसरलो असेन. तो विसरायचा नाही.’ खाली मोहोर उमटवली आणि हम्शादांच्या हातात दिलं. “हे त्याला नेऊन दे. मी विसरलो ही बातमी आज ना उद्या पसरणार. मग लोक त्याला खोटा म्हणतील. पोरगा भला आहे.”

म्हणजे ज्याला साखळीतून वगळायला दोन महिने चालून आलो, त्याच्या खरेपणाचा दाखला छातीशी घेऊन आम्ही परत निघालो. होडीखाली तर तैग्रिस नदी होतीच. पुढेही वाटेत दोन नद्या आणि असंख्य ओढे. मी प्रत्येक पाण्याशी हम्शादांच्या हाताकडे पाहत होतो. एवढासा कागद. सुटला असता तर विचारणारं कोण होतं?

एकदा न राहवून मी म्हणालो, “हरवतात हो कागद प्रवासात.”

“तू विकलेले हरवत असतील,” हम्शाद म्हणाले, आणि गाठोड्याला आणखी एक गाठ मारली. रय्यला स्वतःहून उतरले, पोटभर जेवले, आणि कोणाशीही न बोलता पुन्हा चढले.

निशापूरला पोचलो तर उन्हाळा लागला होता. हम्शाद घरी गेलेच नाहीत. धुळीनं माखलेले, तसेच शेजारचं दार ठोठावलं. नोकरानं आम्हाला गच्चीवर नेलं. सुरैज सावलीला वही तपासत बसला होता. त्यानं मान वर केली, आम्हाला पाहिलं, आणि तोंडावर तेच जुनं मऊ हसू आणलं.

“या, या शेख. रय्यची हवा कशी आहे?”

हम्शादांनी गाठोड्याच्या गाठी सोडल्या आणि कागद त्याच्यापुढे धरला.

सुरैजनं वाचला. पुन्हा वाचला. मग उठून उन्हात गेला आणि तिथे तिसऱ्यांदा वाचला. “ते विसरले?” एवढंच म्हणाला. “माझी शिंकेची गोष्ट सांगितली का त्यांनी?”

“सांगितली.”

“हा कागद तुम्ही आणलात. तुम्ही.”

“मला ते वचन सांगा,” हम्शाद म्हणाले. “रीतसर.” आणि तीस वर्षं ज्याच्यापुढे मान वाकवली नाही, त्याच्यापुढे ते शिष्यासारखे गुडघे मोडून बसले, तिथल्याच एका अंथरलेल्या चादरीवर. दौत उघडली, बोरू बुडवला. थंड पाण्यात उडी मारणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सुरैज समोर बसला. या खेपेला त्यानं घसा खाकरला नाही. “मला अबू वहब यांनी सांगितलं,” तो हळूहळू म्हणू लागला, “ते म्हणाले, मला काझींनी सांगितलं...” हम्शादांनी लिहिलं. पहिलं नाव लिहिताना बोरू क्षणभर अडला, पण लिहिलं. ठसठशीत, कोणालाही दुरून वाचता येईल असं. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी सगळं मोठ्यानं परत वाचून दाखवलं: “मला सुरैज यांनी सांगितलं...”

सुरैजनं प्रत्येक शब्दाला मान डोलावली.

“बरोबर?” हम्शादांनी विचारलं.

“अक्षरन्‌अक्षर.” सुरैजनं डोळे पुसले. “शेख, रागावणार नसाल तर एक विनंती करू?”

“आज काहीही मागा,” हम्शाद म्हणाले.

“जरा उठता का? चादरीखाली जर्दाळू वाळत घातलेत.”