टीम काढायची न्हाय

गेल्या वर्षी मी आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची टीम मैदानातून बाहेर काढली. हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

कोल्हापुरात आमच्या पेठेत फुटबॉल चालतो. चालतो म्हणजे काय, पोरगं नीट चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. गल्लीतल्या सामन्यात पंचानं उलटी शिट्टी मारली की कॅप्टननं हात वर करायचा आणि टीम घेऊन बाहेर यायचं. मग मोठी माणसं येतात, पंचाला चार शिव्या देतात, आपल्याला दोन देतात, खांद्यावर हात टाकून समजूत घालतात, आणि दहा मिनिटांनी मान राखून आपण परत आत जातो. याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही. लग्नात व्याही रुसतो, तसं ते रुसणं असतं.

उंचीमुळं मी बास्केटबॉलमध्ये गेलो, डोकं मात्र पेठेतलंच राहिलं. गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात आम्ही सहा गुणांनी मागं होतो, चार मिनिटं शिल्लक होती, आणि पंचानं माझ्यावर नसलेला फाऊल दिला. मी हात वर केला.

"चला रं बाहीर!"

टीम माझ्यामागून आली. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि वाट बघत बसलो, आता येतील समजूत काढायला.

कुणी आलं नाही. पंचानं दोनदा आत बोलावलं, मी मान फिरवली. टेबलावर सामन्याच्या नोंदी ठेवणाऱ्या चष्मेवाल्या माणसानं घड्याळ बघितलं आणि मग मैदान बघितलं. मैदानात एकच पोरगं उभं होतं, चेंडू काखेत धरून. तो अभिराम. तो माझ्यामागून आलाच नव्हता.

"कमीत कमी दोन खेळाडू आत लागतात," पंच म्हणाला. "एकावर सामना चालत नाही."

चष्मेवाल्यानं कागदावर लिहिलं, 'खेळाडू अपुरे, सामना बाद', आणि पेनाचं टोपण लावलं. संपलं. रुसायला गेलो आणि घरच्यांनी दार लावून घेतलं, अशी गत झाली.

मी उलटा अभिरामवरच खेकसलो. "खुळ्यागत एकटाच का हुबा ऱ्हायलास?"

"तू थांबला असतास तर आपण दोघं होतो," तो म्हणाला. "सामना चालू राहिला असता."

त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी खेळापुरतंच बोलला. अभिराम जयसिंगपूरचा. वडील तिथं शाळेत शिकवतात, आणि हा रोज सकाळच्या एसटीनं सरावाला येतो. पहिल्या वर्षाला असताना दुपारचा आमच्याच घरी जेवायचा, माझ्या आईला आई म्हणायचा आणि मला ऋत्या. माझं नाव ऋतुराज. त्या दिवसापासून त्यानं मला 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली. एखाद्यानं शिवी दिलेली परवडते.

कॉलेजला निमित्त हवंच होतं. आमचं कोर्ट मुख्य फाटकाजवळ आहे, आणि पोरं तिथं आधीपासूनच गाड्या लावत होती. सामना बाद झाल्याचं पत्र आलं तसं प्राचार्य म्हणाले, मैदान सोडून पळणाऱ्यांना कोर्ट कशाला, तिथं रीतसर पार्किंग करू. आमच्या संयोगिता मॅडम, म्हणजे खेळाच्या शिक्षिका, प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन तासभर भांडल्या. बाहेर आल्या तेव्हा एका वर्षाची मुदत आणि एक अट घेऊन आल्या. सगळे सामने शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळायचे. एक जरी अर्धवट सुटला, तरी टीम बंद आणि कोर्टावर पार्किंगचे पट्टे. जिंकण्याची अट नव्हती. तेवढी अपेक्षाच आमच्याकडून कुणाला नव्हती.

"कॅप्टन दुसरा करा," मी मॅडमना म्हणालो.

"का? ज्यानं टीम काढली, त्यानंच ती आत ठेवायची. निस्तर आता."

मग सुरू झाला आमचा हंगाम. रोज सकाळी साडेसहाला आधी गाड्या उचलायच्या. हँडल लॉक केलेली गाडी ढकलता येत नाही, दोघांनी दोन्हीकडून धरून उचलावी लागते. अभिराम पिराजीबरोबर उचलायचा. हा पिराजी गगनबावड्याचा, सहा फूट तीन इंच, तालमीतून थेट आमच्याकडं आलेला. समोरचा जवळ आला की आपसूक त्याच्या कमरेला मिठी मारायचा. "हात लावल्याबिगर माणूस अडीवत्यात कसं?" हा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता, आणि दर सामन्यात पाच फाऊल होऊन तो बाहेर जायचा.

माझ्यासाठी मॅडमनी वेगळंच औषध काढलं. सरावात त्या मुद्दाम खोटी शिट्टी मारायच्या. मी कुणाला शिवलोही नसेन तरी, "ऋतुराज, फाऊल!" आणि मी "व्हय मॅडम" म्हणून चेंडू द्यायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या कानशिलातून वाफा निघायच्या. एकदा मी चेंडू भिरकावून दिला, तो थेट फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर गेला. चहावाल्याची समजूत काढायलाही मलाच जावं लागलं.

पहिले दोन सामने आम्ही हरलो. तिसरा जिंकलो, तो कसा ते आम्हालाही कळलं नाही. चौथा एका गुणानं गेला. त्यात शेवटी दिलेला फाऊल धडधडीत चुकीचा होता, आणि मी दात असे आवळले की रात्री भाकरी चावता येईना. पण चारही सामने पूर्ण खेळलो. राहिला एक.

तो इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका कॉलेजात होता, दुपारी तीनला. आमची नावं दिलेली सात, एकाला ताप, आले सहा. समोरची टीम गेल्या वर्षीची विजेती, बारा जण, बारा जणांचे बूट एकाच रंगाचे. टेबलावर तोच चष्मेवाला. आणि कट्ट्यावर आमच्या पेठेतला ज्ञानू, चार पोरं घेऊन खास आलेला. ज्ञानू पेठेच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, माझा लहानपणापासूनचा दोस्त. बास्केटबॉलमधलं त्याला काही कळत नाही, पण भांडणातलं सगळं कळतं.

तिसऱ्या डावात आमच्या एकाचा घोटा मुरगळला. राहिलो पाच. चौथा, म्हणजे शेवटचा डाव सुरू झाल्याझाल्या पिराजीनं एकाला अशी मिठी मारली की आता चीतपटच करतोय की काय असं वाटलं. पाचवा फाऊल, पिराजी बाहेर. पाठोपाठ आणखी एक गेला. साडेचार मिनिटं राहिली असताना तिसराही गेला, अगदी क्षुल्लक धक्क्यावर.

आत उरलो मी आणि अभिराम. दोघांच्याही नावावर चार-चार फाऊल.

पंच जवळ आला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाला, "दोघांपैकी एकाचा फाऊल झाला की सामना संपला. अपुरे खेळाडू. समजलं ना?"

समोरच्या टीमचे सरही आले. "पोरांनो, अठरा गुणांनी मागं आहात. उगीच कुणाला तरी लागंल. सोडून द्या की. कोण काय म्हणणार न्हाय."

म्हणणारे होते, कोल्हापुरात कॉलेजच्या फाटकाजवळ पट्टे मारायचा रंग घेऊन बसले होते.

"सर," मी म्हणालो, "तुमचं सांगून झालं असेल तर खेळू या."

अभिरामनं माझ्याकडं बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू येता येता राहिलं.

आता बचाव करायचा कसा? हात लागला की संपलं. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि बास्केटखाली उभा राहिलो. शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसा. अभिरामनंही बांधले. पाच जण धावत यायचे, आम्ही नुसते आडवे उभे राहायचो, ते वळसा घालून चेंडू आत टाकायचे. कट्ट्यावर लोक हसत होते. पेठेतल्या पोरानं हात बांधून मार खायचा, हे मला किती झोंबत होतं ते मीच जाणे. पण हात सोडले नाहीत. हसा म्हटलं. हसून दमाल तुम्ही, आम्ही इथंच आहोत.

चेंडू आमच्याकडं आला की त्याहून अवघड काम. बास्केट झालं की रेषेबाहेरून चेंडू आत द्यावा लागतो, आणि त्यालाच दोघं लागतात, एक देणारा, एक घेणारा. आम्ही तो कसाबसा आत घ्यायचो, पाच जणांतून चार पावलं जायचो आणि हिसकावला जायचा. साडेतीन मिनिटांत आमचं एकच बास्केट झालं, अभिरामनं लांबून मारलेलं. तेवढ्यावर पिराजी बाहेरून असा ओरडला की जणू ढाल जिंकली.

शेवटचं मिनिट लागलं. मी त्यांच्या एकाच्या वाटेत हात बांधून उभा होतो. त्यानं सरळ माझा शर्ट मुठीत धरला, मला बाजूला ओढलं आणि जाऊन बास्केट केलं. काखेपासून कमरेपर्यंत शर्ट टरकन फाटला. आवाज टेबलापर्यंत गेला असेल. शिट्टी नाही. पंच दुसऱ्या बाजूला बघत होता.

कट्ट्यावर ज्ञानू उभा राहिला. "काढ टीम, ऋत्या! काढ! ह्यो काय खेळ हाय व्हय? भाड्यानं आणलाय काय पंच? चल बाहीर!"

चारी पोरं ओरडायला लागली. काढ टीम, काढ टीम. आणि खरं सांगतो, माझा हात वर जायला लागला. मी विचार करून उचलला नाही, तो आपला आपण निघाला. रागानं डोळ्यापुढं काही दिसत नव्हतं. अख्खं वर्ष 'व्हय मॅडम' म्हणून गिळलेल्या सगळ्या शिट्ट्या त्या हातात आल्या होत्या.

हात खांद्याच्या वर गेला आणि मला रेषेबाहेर अभिराम दिसला. तो चेंडू घेऊन उभा होता. गेल्या वर्षी काखेत धरून उभा होता तसाच. माझ्या हाताकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. चेंडू आत द्यायला त्याला पाच सेकंदं होती, पंच हातानं मोजत होता. एक. दोन. अभिराम देणार कुणाला? मी सोडून आत आमचं होतंच कोण?

मी हात खाली घेतला नाही. तसाच ताठ वर नेला आणि पंजा उघडला.

"हिकडं दे!"

तीन.

"ऋत्या!" तो ओरडला आणि चेंडू फेकला. दोघांच्या डोक्यावरून तो आला तो थेट माझ्या पंज्यात. छातीशी ओढून मी पळत सुटलो, फाटका शर्ट मागं फडफडत होता. मधल्या रेषेवर तिघांनी घेरलं. मी मागं न बघता चेंडू डावीकडं दिला, अभिराम तिथं असणारच होता, आणि होता. त्यानं परत मला दिला. मी उडालो. बास्केट झालं का? झालं. दोन गुण. आता बावीसनी मागं.

"ज्ञान्या," मी पळत मागं येताना कट्ट्याकडं ओरडलो, "टीम काढायची न्हाय! बस खाली!"

उरलेली सेकंदं आम्ही पुन्हा हात बांधून उभे राहिलो. कट्ट्यावर कुणी हसत नव्हतं, असं काही मी म्हणणार नाही. दोन-चार जण हसत होतेच. त्यांनी आणखी एक बास्केट केलं. मग शेवटची शिट्टी झाली. शहात्तर-बावन्न. चोवीस गुणांनी हरलो आणि मी मैदानाच्या मधोमध खाली बसून रडलो. लपवायचं काय त्यात.

टेबलावर मॅडम आधीच पोचल्या होत्या, चष्मेवाल्याच्या खांद्यावरून कागद बघत. चारही डावांच्या चौकटी भरलेल्या होत्या. त्यानं शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'सामना पूर्ण'. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "गेल्या वर्षीचे तुम्हीच ना?"

"व्हय," मी म्हणालो. "ह्या वर्षीचं पण आमीच."

परतीच्या वाटेवर ज्ञानूला काही पटेना. "चोवीस गुणांनी हरलास, शर्ट फाडून घेतलास, आन् तोंड बघावं तर लगीन ठरल्यागत." त्याला सांगून उपयोग नव्हता. सांगितलं असतं तरी पेठेत भलतंच पोचलं असतं.

प्राचार्यांनी शब्द पाळला, तोंड वाकडं करून का होईना. पट्ट्यांचा रंग मागच्या भिंतीला मारला. पुढच्या वर्षी काय होईल माहीत नाही. गाड्या मात्र अजून कोर्टावर लागतात. फलक लावून बघितला, मॅडमनी दम देऊन बघितला, कोल्हापूरचं पोरगं फलकाला भीत नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सराव नव्हता. हंगाम संपला होता, यायचं कुणाला काही कारण नव्हतं. तरी साडेसहाला मी गेलो. फाटकापाशी जयसिंगपूरहून आलेला अभिराम उभा होता, डबा काखेत मारून. कोर्टाच्या मधोमध कुणाची तरी जड बुलेट, हँडल लॉक करून लावलेली.

त्यानं डबा खाली ठेवला आणि पुढचं चाक धरलं.

"बघत काय बसलास? मागनं धर की, ऋत्या."