डावा खांदा उतरलेला माणूस

सयाजी माझा चुलतभाऊ. थोडी बागायत, दोन म्हशी आणि भरपूर संशय, एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. डेअरीत दूध घातलं की फॅट मुद्दाम कमी लावली म्हणून संशय, वायरमन दिसला की हाच लाइट घालवतो म्हणून संशय. मी त्याच्याकडे चहा नको म्हटलं, तर कुणाकडे पिऊन आलो याचा संशय. आमच्या गावात, अवसरीत, त्याचं कुणी मनावर घेत नसे. बायकोवर मात्र त्याने कधी संशय घेतला नव्हता. म्हणूनच त्या थंडीत भल्या सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन टेकला आणि "दादा, शीलाचं काय तरी येगळंच चाललंय," म्हणाला, तेव्हा माझी तंबाखू मळायची राहिली.

"काय चाललंय?"

"स्वेटर इनतीया."

"मग? ती कायमच इनती."

"लपवून इनतीया," तो म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मलाही त्यातलं काही ठाऊक असावं, असा त्याचा डोळा होता.

शीला मढची. तिकडे माळशेजच्या अंगाला थंडी हाडात शिरते, आणि तिथल्या शाळेतल्या बाईंनी पोरींना दोन सुयांवर विणायला शिकवलं होतं. लग्न होऊन ती इकडे आली ती सुया घेऊनच. मंचरच्या बाजारातली चकचकीत लोकर तिला आवडायची नाही. "ती लोकर न्हाई, पलॅस्टिक हाय," म्हणायची. सयाजीच्या रानात दर साल खतासाठी जानकू धनगराच्या मेंढ्या बसायच्या. जानकूची बायको लंकाबाई चालता चालता टकळीवर सूत कातायची. तिच्याकडून शीला सूत घ्यायची आणि बाजरी द्यायची. काळं, पांढरं आणि करडं, मेंढीच्या अंगावर असतील तेवढेच रंग. नक्षी तिची स्वतःची. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने चौकटी काढायची, लांब उभी राहून बघायची, पुसायची, पुन्हा काढायची. घोंगडीच्या काठासारखा पांढरा काठ ती हटकून घालायची. आमच्या आळीतलं एक पोर तिच्या टोपीवाचून नव्हतं.

आदल्या वर्षी तिने नवऱ्यालाही एक स्वेटर केला होता. सयाजीने तो अंगात घालून पारावर आणला, सगळ्यांदेखत मान खाजवली आणि म्हणाला, "टोचतंय लई. मेंढरू झाल्यावानी वाटतंय. पुन्यांदा माझ्यासाठी असलं काय करू नगंस." शीला तिथेच दळणाचा डबा घेऊन उभी होती. तिने तो स्वेटर नेला आणि वासराला पांघरूण केलं. मीही तेव्हा हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

"मला तर करू नगं म्हनून सांगितलंय," सयाजी आता बोटं मोडत म्हणाला. "म्हंजे माझ्यासाठी न्हाईच. कणगीमागं, पोत्याखाली ठेवलाय. मी घालून बघितला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत्यात. माझ्यासारखं दोन बसतील आत."

"आसंल कुणाचा तरी. भावाचा."

"रामदास माझ्यापेक्षा बारीक हाय. आन् ऐक, खरी गोष्ट फुडंच हाय." तो माझ्या कानाशी आला. "त्याचा डावा खांदा उतरता हाय. उजवा वर, डावा खाली. चुकून न्हाई, मुद्दाम टाकं कमी करून तसा इनलाय. ज्याच्यासाठी इनलाय तो गडी उंच हाय, रुंद हाय, आन् त्याचा डावा खांदा उतरलेला हाय."

एवढं बोलून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पोलीस खात्याने त्याला कधीच नेलं असतं. मी म्हटलं, सरळ विचार की तिला.

"इचारल्यावर सांगंल व्हय? सावध व्हईल." मग त्याचा आवाज बसला. "दादा, गडी घावला ना, तर मी तिला मढला नेऊन सोडनार. कायमची." हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे मी घाबरलो. सयाजी संशय उगीच घेत असेल, पण बोललेलं उगीच सोडत नाही. पाटाच्या पाण्यावरून त्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं ते आजतागायत टाकलेलंच आहे.

मग सुरू झाली खांद्यांची तपासणी. सयाजी संध्याकाळी पारावर बसायचा तो गावाच्या पाठी बघायला. डेअरीचा सेक्रेटरी, दवाखान्यातला कंपाउंडर, देवळातला गुरव. कुणी उठून चाललं की हा मान वाकडी करून मागून माप घ्यायचा. सगळ्यांत आधी त्याने जानकूला पाहिलं, कारण लोकर त्याची. पण जानकू तुरीच्या काठीएवढा बारीक, आणि खांदे एकदम सरळ. लोकांना वाटलं, सयाजीची मान अवघडली. कुणीतरी तेलही सुचवलं.

अवसरीत माणूस मिळेना, तेव्हा त्याने निकाल काढला की माणूस माहेरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची एम-एटी गाडी दारात हजर. "बस मागं," म्हणाला. कशाला, ते सांगावं लागलं नाही. घरी त्याने जुन्नरला खत बघायला चाललो म्हणून सांगितलं होतं.

नारायणगाव सोडलं तोवर माझी बोटं बधिर झाली. सयाजीने शर्टावर शाल गुंडाळली होती आणि दात वाजवत गाडी मारत होता. ओतूरला चहा घेताना मी म्हटलं, "अरं, बायको एवढी इनती आन् तू गारठून मरतुयास." तो चहावाल्याचे खांदे बघत होता.

मढला रामदास, शीलाचा भाऊ, आम्हाला बघून गडबडला. "दाजी, अचानक? ताई बरी हाय ना?"

"बरी हाय. तू जरा भिताडाला टेकून उभा ऱ्हा. सरळ."

रामदास बिचारा उभा राहिला. गडी घावला तर तुझ्या बहिणीला हितंच आणून सोडीन, हेही सयाजीने त्याला ऐकवलं. मग शेजारचे आले, चुलते आले, पावणं आलंय म्हणून आणखी चारजण आले, आणि सयाजी एकेकाला या बसा म्हणायच्या आधी जा म्हणायचा, पाठ दिसावी म्हणून. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. शेवटी रामदासबरोबर नाक्यावरच्या हॉटेलात बसलो असताना तो एकदम ताठ झाला. समोरून एक उंचापुरा माणूस येत होता आणि त्याचा डावा खांदा साफ खाली होता.

सयाजीने माझा गुडघा दाबला. "घावला."

माणूस जवळ आला. पोस्टमन गेणभाऊ. आयुष्यभर डाव्या खांद्याला टपालाची पिशवी, तोंडात एकही दात नाही, बरोबर काठी धरलेला नातू.

"थंडीचं काय घालता?" सयाजीने दरडावून विचारलं.

"काय घालनार? असंल ते," गेणभाऊ म्हणाले. "तू देतोस का काय?"

हॉटेल हसलं. सयाजीला राहवेना. त्याने उघडच विचारलं, "हितं डावा खांदा उतरलेला दुसरा कोन हाय का?" यावर हसू एकदम थांबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकाने तोंडावर उपरणं घेतलं, रामदासने मान खाली घातली. मला ते काही कळलं नाही, पण माझ्याही मनात तेव्हा शंका शिरली. हे सगळे मिळून काहीतरी लपवतायत, असं मलाही वाटलं.

परतताना ऊन तापलं. सयाजीने शाल काढून माझ्याकडे दिली. खाली त्याचा चौकडीचा शर्ट होता. ओतूरच्या पुढे रस्ता सरळ आहे, मागे बसणाऱ्याला काम नसतं. मी समोरच्या चौकडी बघत बसलो. गळ्यापासून उजवीकडे त्या सरळ जात होत्या. डावीकडे उताराला लागल्या होत्या. मी डोळे चोळले, सरकून बसलो, गाडी कलली असेल म्हणून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता सपाट होता.

मग मला सगळं आठवलं. कांदा भरायच्या दिवसांत गडी पिशव्या आपटतात, एखादी लांबवतात, म्हणून सयाजी कुणाला हात लावू द्यायचा नाही. पोरवयापासून टेम्पो एकट्याने भरायचा. पिशवी नेहमी डाव्या खांद्यावर, उजवा हात मोकळा, कुणी जवळ आलं तर ढकलायला. जन्मभर आम्ही एकमेकांना समोरून बघत आलो. त्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मढच्या हॉटेलातलं हसू कुणाचा खांदा बघून थांबलं, तेही तेव्हाच कळलं.

"सया, गाडी थांबव."

त्याने थांबवली. मी म्हटलं, "तो गडी गाडी चालवतोय."

तो माझ्यावर भडकला. म्हणाला, तू पण सामील. मी भांडत बसलो नाही. नारायणगावात त्याला एका सलूनमध्ये ढकलला, दोन आरशांच्या मध्ये उभा केला आणि न्हाव्याला गप्प राहायची खूण केली. सयाजी पुढच्या आरशात मागचा सयाजी बघत राहिला. त्याने खांदा उचलून पाहिला. सोडला की तो आपल्या जागी खाली. असा तो तीनदा उचलला, आणि मग खुर्चीवर बसला. न्हाव्याने विचारलं, दाढी का कटिंग?

घरी पोचलो तेव्हा शीला अंगणात होती. बाजेवर तो स्वेटर वाळत पडला होता, काळा, पांढऱ्या काठाचा. रामदासने दुकानाच्या फोनवर सगळं कळवलेलं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"घावला का गडी?" तिने विचारलं.

सयाजी गाडीचा स्टँड लावत राहिला. ती स्वेटर घेऊन आली. "घाला."

त्याने घातला. बाह्या मनगटाशी थांबल्या. अंगात एक सयाजी बरोबर बसला, दुसऱ्याला जागा नव्हती. मी मागून पाहिलं तर पांढरा काठ खाली एका रेषेत होता, गळा मधोमध, आणि खांदा उतरलेला आहे हे आधी माहीत नसतं तर ओळखू आलं नसतं.

"एवढा मोठा व्हता की," सयाजी पुटपुटला.

"आपली लोकर ऊन पान्यात आटती. पहिल्या धुन्याच्या हिशोबानंच इनावा लागतो." तिचा आवाज शांत होता, त्यानेच मला भीती वाटली. "गेल्या साली टोचला म्हनला. म्हनून औंदा लंकाबाईच्या पाया पडून जावळ घेतली, कोकरांची पहिली कातरन. मऊ असती. आन् लपवला, कारन पुरा व्हायच्या आधी तुमी पारावर हसला असता. तुमचे सगळे शर्ट डावीकडनं लोंबत्यात. मला वाटलं, ह्यात तरी तुमी सरळ दिसाल. कुनाच्या ध्यानात यायचं न्हाई." तिने पांढऱ्या काठावरून एकदा हात फिरवला. "आता सगळ्या मढच्या ध्यानात आलं. तुमीच जाऊन दाखवून आला."

सयाजी म्हणाला, "चुकलं."

"मला कायमची सोडायला निघाला व्हता ना? चला, सोडा." ती खरंच आत गेली आणि पिशवी घेऊन आली. सयाजी पायरीवर बसला. भरदुपारी, जावळीच्या स्वेटरात, घामाघूम. काढायची हिंमत होत नव्हती. मी मध्ये पडायला गेलो तर शीला म्हणाली, "भाऊजी, तुमी मागं बसला व्हता. तुमी बोलू नगा." मी बाजूला सरलो. ते मला लागलं, अजून लागतं.

शीलाने पिशवी पायरीवर ठेवली. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या मढला जायाचं. ह्यो घालून. जेवढ्यांचे खांदे बघितले तेवढ्यांना पाठ दाखवायची. मग परत यायाचं का तितंच ऱ्हायाचं, ते मी बघीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी एम-एटी माझ्या दारावरून गेली. सयाजीच्या अंगात स्वेटर होता, मान खाली होती. मागे शीला बसली होती, मांडीवर ती पिशवी. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. दिवस कलला तशी गाडीचा आवाज आला आणि मी वहाणा न घालताच रस्त्यावर गेलो.

मागे शीला होती.

सयाजी गाडी लावून माझ्याकडे आला. खिशातून त्याने एक सुतळी काढली, जागोजागी गाठी मारलेली, आणि कुणी बघतंय का ते पाहून मला दाखवली.

"गेणभाऊंचं माप हाय," तो म्हणाला. "तिनं मलाच घ्यायला लावलं. डावा खांदा लई उतरलाय राव त्यांचा. माझ्यापेक्षा."

मग सुतळीला गुंता होऊ नये म्हणून त्याने ती सावकाश बोटांवर गुंडाळली आणि शीलाला द्यायला आत गेला.