पंधराशे रुपयांचं रडणं

बदलापूरच्या शिरगावात जनीमावशीने सांगितलं की ते खरं, हे ठरलेलं. मावशी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती मांडवात बसून धवले गाते, देवांना बोलावते, नवरा-नवरीला आशीर्वाद देते. अशा बाईच्या तोंडून खोटं निघायचं नाही, अशी गावाची पक्की समजूत. आणि तीच बाई आता घराघरांतल्या मोबाइलवर डोळे पुसत सांगत होती, ‘रमी खेळले आणि एक कोटी जिंकले!’

त्याचं असं झालं की, शूटिंगवाला एक माणूस ‘घरातला वाटेल असा चेहरा’ शोधत बदलापुरात आला आणि मावशीवर येऊन थांबला. दिवसाचे पंधराशे, चहा-वडापाव, आणि दिवसभर नेसायला भारी साडी. मावशीला वाटलं, मालिका असेल. रेशनकार्डाशिवाय दुसरं कार्ड तिने जन्मात हातात धरलं नव्हतं. साडी त्यांनी संध्याकाळी परत घेतली, याचा राग तिला अजून आहे.

क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि दर षटकानंतर मावशी रडू लागली. दुसऱ्याच दिवशी मंडळाची पोरं एकावन्न हजारांची पावती फाडूनच घेऊन आली. नव्या बिल्डिंगमधली हिमानी वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, “मावशी, खेळायला कुठली वेळ चांगली हो?”

“अगो, मना एक रुपया लागला नाय! ती जाहिरात हाय!” मावशी ओरडून सांगायची. लोक मान डोलवायचे. पैसा आला की माणूस असंच बोलतो, हे त्यांना माहीत होतं. टीव्हीवर बोललेलं खरं आणि ओट्यावर बोललेलं खोटं, अशी मावशीची गत झाली.

इथवर सगळी गंमत होती. मग अल्पेश आला.

अल्पेश म्हणजे तिच्या वारलेल्या बहिणीचा, हिरूचा मुलगा. नऊ वर्षांचा असल्यापासून मावशीनेच वाढवलेला. अंबरनाथ पूर्वेला स्टेशनवरून एमआयडीसीत कामगारांना सोडायला त्याची रिक्षा पळते. चार दिवसांवर त्याची हळद होती.

“मावशी, रिक्षा विकतोय,” तो खुशीत म्हणाला. “उल्हासनगरचा सेठ हळदीलाच येतोय बयाणा घेऊन. सगळे पैसे रमीच्या ॲपमध्ये टाकतो. लग्नानंतर डायरेक्ट कार!”

मावशीच्या हातातला तांब्या खाली पडला. “अरे, मी खोटं बोलले रं त्या जाहिरातीत!”

“तू? खोटं?” अल्पेश हसला. “मावशी, मी काय तुला आज बघतोय? लोकांचं नाटकी रडणं मला लगेच समजतं. तू खरी रडलीस.”

मावशीने वाकून तांब्या उचलला. रडणं तर खरंच होतं.

तीन दिवस तिने शपथा घातल्या, जेवण सोडून पाहिलं, रिक्षाची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. अल्पेशने ती शोधून काढली, पीठ झटकलं आणि गाणं म्हणत निघून गेला.

हळदीच्या दिवशी डीजे बंद करून मावशीला पुढे बसवलं. सेठ आधीच पंगतीत बसून मटणावर ताव मारत होता. मावशीने धवला धरला. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, मग घरातल्या गेलेल्या माणसांची पाळी आली.

“ये गो हिरू मांडवी, तुज्या लेकाला हलद लागली...”

आवाज फाटला. हनुवटी थरथरली, डावा हात पदराकडे गेला, डोळे भरून वाहू लागले.

“अय्या, सेम ॲडसारखं!” शेजारची तेजल ओरडली. मांडव हसला. पाटावर बसलेला अल्पेश मात्र हसला नाही. हळद माखल्या तोंडाने तो मावशीकडे बघत राहिला.

मावशीने गाणं थांबवलं. “सेमच हाय,” ती म्हणाली. “त्यो मानूस बोलला, कोटी लागल्यावानी रडा. मना कोटी ठावं नाय, रडू कशी? धा वेला नाय जमलं. मग मना हिरू आठवली. जाताना बोललेली, माझ्या पोराला संभाल. तवा पानी आलं. त्यांनी तेच घेतलं, न् वर कोटीचं नाव लावलं.”

मंडळाच्या पोरांनी एकावन्न हजारांची पावती पुन्हा खिशात सरकवली. अल्पेशने नाक ओढलं आणि पंगतीकडे वळून हाक मारली, “सेठ, आरामसे जेवून जा. गाडी नाही मिलेगी.”

“कोई बात नहीं,” सेठ म्हणाला, “रस्सा थोडा और भेजो.”

ॲप काढायला अल्पेशने तिथेच फोन घेतला, पण हळदीच्या बोटांना स्क्रीन दाद देईना. फोन पिवळाधमक झाला. शेवटी तेजलने फोन पदराने पुसून ॲप काढून टाकलं आणि डीजेने पुन्हा दणका सुरू केला.

लग्न झालं. रिक्षा अजून त्याच रस्त्यावर पळते. एमआयडीसीच्या फाटकाशी पाळी सुटायची वाट बघत अल्पेश मोबाइलवर मॅच लावतो, आधी सुटलेले चार कामगार मागून डोकावतात. षटक संपतं, मावशी पडद्यावर येते.

“अरे, स्किप कर ना,” कोणीतरी म्हणतं.

“थांब की दोन मिनिटं,” अल्पेश म्हणतो, “मावशी माझ्या आईची आठवण काढतेय.”