निर्मलाने पारखलेली बॅटरी

कार्ले फाट्यावर मिक्सर, इस्तरी आणि पंखे दुरुस्त करणारं एक छोटं दुकान आहे. ते निर्मला चालवते. तळेगावच्या एका कारखान्यात तिने चौदा वर्षं वायरी जोडल्या. पुढे कारखाना हलला आणि काम गेलं, पण हाताला लागलेलं वळण काही गेलं नाही. तिने फाट्यावर गाळा घेतला. आता तिच्याकडे पार पवनेकडच्या गावांतून मिक्सर येतात. नवरा दत्ता पर्यटकांची जीप चालवतो. दोघांचं बरं चाललंय.

रिमोटच्या गाडीचा नाद तिला पंचेचाळिसाव्या वर्षी लागला, आणि तो लागायला लेक कारण झाली. प्रेरणा नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा आपली रिमोटची गाडी कपाटावर ठेवून गेली. खडकावर चढणारी, हातभर लांबीची, जाड रबरी चाकांची गाडी. दिवाळीच्या साफसफाईत निर्मलाने ती खाली काढली, तर आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. तिने लेकीला फोन लावला.

"आई, तिला चार्जिंगला अजिबात लावू नकोस," प्रेरणा घाईघाईने म्हणाली. "टोचू नकोस, दाबू नकोस. बाहेर अंगणात वाळूच्या डब्यात ठेव. पेट घेते ती."

एवढीशी चपटी वस्तू पेट घेते, हे ऐकून दुसरी कुणी असती तर गाडी भंगारात देऊन मोकळी झाली असती. निर्मलाला मात्र त्या वस्तूबद्दल जास्तच कुतूहल वाटायला लागलं. तिने ऑनलाइन नवी बॅटरी मागवली. आत किती वीज मावते त्याचा वर सोनेरी अक्षरांत मोठ्ठा आकडा होता, आठ हजार. जितका आकडा मोठा तितका वेळ गाडी चालणार, असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. रविवारी बेडसे लेण्यांच्या खालच्या उतारावर चार-पाच जण अशा गाड्या घेऊन जमतात, असं तिच्या कानावर आलं होतं. तीही गेली. पोरांच्या घोळक्यात साडी नेसलेली एकटी बाई. सगळे टकामका बघत होते. तिची गाडी झोकात खडक चढली आणि अर्ध्या कड्यावर, पंधराव्या मिनिटाला, मेल्यागत थांबली. निर्मलाने पदर खोचला, चपला काढल्या आणि स्वतः कडा चढून गाडी खाली आणली. त्या दिवसापासून ती सगळ्यांची मावशी झाली.

पण पंधरा मिनिटांचं शल्य तिच्या मनातून जाईना. सोमवारी तिने ती बॅटरी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. एकशे चाळीस ग्रॅम. मग पुण्याला जाऊन, एका जुन्या दुकानातून, दुकानदाराला नाना प्रश्न विचारून दुसरी बॅटरी आणली. हिच्यावर चारच हजार लिहिलं होतं, वजन मात्र दोनशे तीस ग्रॅम भरलं.

"हलक्या बॅटरीत दुप्पट वीज मावंल कशी?" ती दत्ताला म्हणाली. "पोत्यावर शंभर किलो लिवलं म्हणून पन्नास किलोचा तांदूळ शंभर व्हतो का?"

तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. दत्ताच्या जीपचा जुना हेडलाइट बल्ब तिने टेबलाला बांधला आणि दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून एकेक करून त्यावर उतरवून पाहिल्या. बॅटरी गरजेपेक्षा जास्त उतरली की कायमची बिघडते, म्हणून वीज ठरावीक पातळीखाली गेली की ओरडणारा एक इवलासा भोंगाही मिळतो. तो तिने दोन्हींना लावला. आठ हजारवाली सव्वीस मिनिटांत बोंबलली आणि हाताला कोमट लागली. चार हजारवाली पासष्ट मिनिटं चालली आणि शेवटपर्यंत गार राहिली. हाच प्रयोग तिने आठवड्याने पुन्हा केला, मग पुन्हा. आकडे तेच आले. मग तिने चार हजारवालीवर खडूने एक टिंब काढलं. ही आपली.

यंदा माघात बेडश्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतला शिदू दुकानात आला. तो शेतमजुरी करतो आणि वाडीच्या कुठल्याही कामात पुढे असतो. दुरुस्तीला काही आणलं नव्हतं. बाकावर बसून त्याने घाम पुसला.

"ताई, तुमची ती खडकावर चढती गाडी बिळात शिरती का?"

"कसल्या बिळात, शिदूभाऊ?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. वाडीच्या वर एक झरा आहे, चैत्रातही न आटणारा. त्याचं पाणी पाइपाने वाडीत आणायचं होतं. मध्ये बंगल्यांची नवी वसाहत झाली होती. वसाहतवाल्यांनी रस्ते बांधताना वाडीसाठी म्हणून जमिनीखालून बारा इंची सिमेंटचा पाइप टाकून दिला होता, दोनशे फूट लांब. त्यातून वाडीने आपला काळा पाण्याचा पाइप ओढून घ्यायचा. पण ओढायला आधी आतून दोरी पलीकडे न्यायला हवी, आणि ती ठेवायची राहून गेली होती.

"बांबू घालून पायला. मधी वाकडं हाय, तितं अडतो. पान्यासंगं दोरी सोडली, ती गाळात रुतली. आन् वरचा रस्ता फोडू देत न्हाईत. तीन आठवडं झालं, ताई. बाया अजून हंडं घिऊन वळसा मारत्यात."

निर्मलाने मनातल्या मनात मापं घेतली. गाडी पाइपात मावत होती. पण आत मध्येच थांबली तर? तिच्यामागे चढून जायला हा काही कडा नव्हता. गाडी हातची जाईलच, वर वाडीचा पाइपही बुजेल.

"येते," ती म्हणाली. "पन चार दिवस द्या मला. बॅटरी तपासून घेते."

चार दिवस तिने गाडीमागे दोरी बांधून, दोरीला विटेचा तुकडा लावून, शाळेच्या मैदानात फेऱ्या मारल्या. ओझं ओढताना बॅटरी किती उतरते, मोटर किती तापते, सगळं मोजून आणि हात लावून पाहिलं. दत्ता कठड्यावर बसून शेंगा खात होता.

"लग्नाआधी पोरगी बघायला आलते तवा एवढी चौकशी केली नव्हती आमच्या घरानं," तो म्हणाला.

"म्हणून तर फसलात," निर्मला म्हणाली.

रविवारी सकाळी दत्ताच्या जीपमधून दोघं वाडीखाली पोहोचली. वाडीतली वीस-पंचवीस माणसं आधीच जमली होती. शिदूची बायको सावित्राबाई पाइपाच्या पलीकडच्या तोंडाशी जाऊन बसली होती. तिथून तिचा आवाज पाइपातून इकडे खणखणीत ऐकू येत होता. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात काम करणारा, रविवारच्या मंडळींतला तुषारही आपली गाडी घेऊन आला होता. त्याची गाडी नवी आणि निर्मलाच्या गाडीपेक्षा ताकदीची.

"मावशी, आधी माझी जाऊ दे," तो म्हणाला. "तुमच्या गाडीचं वय झालंय. बॅटरी पण मोठी आणलीय बघा, दहा हजारची."

"चालवून पायलीस का?"

"परवाच आली. नवीकोरी आहे, त्यात काय बघायचं?"

पोराचा उत्साह मोडावासा निर्मलाला वाटेना. तिने फक्त दोरी त्याच्या गाडीच्या मागच्या दांड्याला दुहेरी गाठीने बांधली. गवंडी ओळंब्याला वापरतात तसली बारीक नायलॉनची दोरी होती ती, आणि दर दहा फुटांवर तिने लाल धागा गुंडाळला होता, म्हणजे गाडी किती आत गेली ते बाहेर कळेल. गाडीच्या टपावर छोटा टॉर्च बांधला.

गाडी सुसाट शिरली. एक धागा, दोन धागे, पाच. लोक मोजायला लागले. नवव्या धाग्यापाशी दोरी मंदावली. दहाव्याला थांबली. तुषारने रिमोटची कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"अरे, असं कसं? आत्ताच तर भरली होती."

दोघांनी मिळून दोरी हळूहळू मागे ओढली. गाडी उलटी घसटत बाहेर आली. बॅटरी हात लावू देईना इतकी तापली होती आणि एका बाजूने फुगली होती. निर्मलाने फडक्यात धरून ती सोडवली आणि दूर मोकळ्या मुरमावर ठेवून सगळ्यांना लांब राहायला सांगितलं. तुषारचं तोंड उतरलं होतं.

"आरं, माझी बी पयल्या दिवशी अशीच हुबी राहिलती," ती म्हणाली. "तू नव्हतास का तितं? लय हसला होतास की."

तुषारला आत्ताही हसू आलं. "सॉरी, मावशी," तो म्हणाला आणि दोरी नीट सोडायला तिच्या बाजूला बसला.

निर्मलाने आपल्या गाडीचं वरचं कवच काढून ठेवलं, खडूच्या टिंबाची बॅटरी बसवली, तुषारच्या गाडीची दोरी आणि टॉर्च सोडवून हिला बांधला, भोंगा लावला. हा आतून ओरडला तर समजायचं, मागे ओढायची वेळ झाली. मग गाडी पाइपाच्या तोंडाशी ठेवून तिने ती मुंगीच्या पावलांनी आत घातली.

टॉर्चचा उजेड लहान होत गेला आणि वळणाशी नाहीसा झाला. आता डोळ्यांचा उपयोग नव्हता. चाकांची घरघर तेवढी येत होती, आणि दोरी तुषारच्या बोटांतून सरकत होती.

"धा," तुषार म्हणाला. "अकरा."

बाराव्या धाग्यावर दोरी थांबली. घरघर मात्र चालूच होती. चाकं गाळात फिरत होती.

"दे की जोरात!" दत्ताला राहवेना.

"जोरात दिलं की खोल रुतंल, आन् बॅटरी बी उगा खर्च व्हईल. गप बसा जरा."

तिने गाडी वीतभर मागे घेतली. थांबली. पुन्हा पुढे. पुन्हा मागे, चाकं किंचित डावीकडे वळवून. चिखलातली बैलगाडी काढताना तिचे वडील असंच करायचे, आधी मागे घ्यायचे, बैलांना दम खाऊ द्यायचे आणि मग एकदाच नेट लावायचे. वीस-पंचवीस माणसं भोंग्याचा कानोसा घेत होती. भोंगा गप्प होता. पाचव्या वेळी घरघरीचा सूर बदलला, जड झाला, आणि तुषारच्या बोटांतली दोरी हलली.

"बारा सुटलं! तेरा!"

पुढे दोरीचं ओझं वाढत गेलं तशी गाडी हळू झाली. दर दोन धाग्यांनी निर्मला तिला अर्धं मिनिट विसावा देत होती. पंधरा. सोळा. सतराव्या धाग्यापाशी पाइपातून सावित्राबाईचा आवाज घुमला.

"दिवा दिसतुया! अगं बाई, काजव्यावानी येतुया हिकडं!"

"हात आत घालू नका, वहिनी! येऊ द्या तिला!" निर्मला पाइपात तोंड घालून ओरडली.

विसावा धागा आत गेला आणि पलीकडून एकच गलका झाला. शिदू टोपी हातात घेऊन चढावरून पळत सुटला. निर्मलाही निघाली, साडीला मुरूम लागलेला, गुडघे धरलेले. पलीकडे पोचली तेव्हा सावित्राबाई चिखलाने माखलेली गाडी मांडीवर घेऊन बसली होती आणि पदराने तिची चाकं पुसत होती. गाडीमागची दोरी शिदूच्या मनगटाला तीन वेढे मारून पक्की झाली होती.

निर्मलाने बॅटरी काढून मोजली. निम्म्याहून थोडी जास्तच उरली होती.

"म्हंजी एवढं चार दिवस तपासलं ते फुकट?" दत्ता म्हणाला. "अर्धी बी लागली न्हाई."

"फुकट कसं? निम्मी उरणार हे ठाव होतं, म्हणून तर मला गाळात बी घाई करावी लागली न्हाई."

बारीक दोरीला जाड दोर बांधला, जाड दोराला काळा पाइप. दुपारच्या जेवणाआधी पाइप पलीकडे निघाला. त्याच आठवड्यात जोडणी झाली आणि पुढच्या रविवारी वाडीने निर्मला, दत्ता आणि तुषारला जेवायला बोलावलं. तुषार येताना पिशवीतून आपल्या सहा बॅटऱ्या घेऊन आला होता, मावशीने बल्बावर तपासून द्याव्यात म्हणून. तिने त्यातल्या दोन नुसत्या हातात तोलूनच बाजूला काढल्या.

वाडीच्या मधोमध सिमेंटच्या टाकीत काळ्या पाइपातून पाणी पडत होतं. मनगटाएवढी धार, थंडगार. निर्मला ओंजळ लावून प्यायली. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर आंबेमोहोर भात. पोटभर झाल्यावर मंडळी पडवीत रेलली, तेव्हा सावित्राबाई निर्मलाच्या शेजारी येऊन बसली. तिला काहीतरी विचारायचं होतं.

"काय, वहिनी?"

"ती गाडी... माणसाला शिकाया किती दिस लागत्यात?"

निर्मलाने सोबत आणलेली गाडी अंगणात ठेवली आणि रिमोट तिच्या हातात दिला. ही कळ पुढं, ही मागं, हे चाक वळवायला. सावित्राबाईने एकदा आजूबाजूला बघून घेतलं आणि कळ दाबली. गाडी अंगणातून सरळ सुटली, कोंबड्या फडफडत कुडावर चढल्या, शिदू "अगं, अगं" करत पाय वर घेऊन बसला. सावित्राबाई आधी दचकली. मग तिने चाक वळवलं, गाडी तुळशीला वळसा घालून परत तिच्या पायाशी येऊन थांबली, आणि साठीची ती बाई लहान पोरीसारखी खदखदून हसली.

"परत सोडू का?" तिने विचारलं.

"सोडा की," निर्मला भिंतीला पाठ टेकत म्हणाली. "अजून लय येळ चालंल ती."