दोन हात खालची माती

वंदनाने बांधाच्या कोपऱ्यातल्या बोरीखाली खुरपं टेकवलं. नवं कीटकनाशक इथल्या काळ्या मातीला किती घट्ट चिकटतं, हे तिला प्रयोगशाळेत मोजायचं होतं. त्यासाठी कधीच औषध न लागलेली माती हवी होती. वाटूरच्या शिवारात चार दिवस फिरूनही ती मिळाली नव्हती. मग झुंबरबाईंनीच तिला आपल्या रानात बोलावलं.

“इथं नांगर फिरला न्हाई. फवारा तर बिलकुलच न्हाई,” सत्तरीतल्या झुंबरबाई म्हणाल्या. “लेक हाय माझी खाली. चाळीस साल झाले. तीन दिवसांची होती. तापानं गेली म्हनत्यात.”

वंदनाने हात मागे घेतला.

“भेली का? शिकलेली बाई तू! एक सांग, ते पहिलं कपाशीवर फवारायचं एंड्रिन न्हवतं का, त्याला किती साल धरून ठेवती माती?”

“काही औषधं पावसाबरोबर निघून जातात, मावशी. एंड्रिन लवकर सुटत नाही. चाळीस वर्षंसुद्धा राहील.”

“मंग घे माती.”

“मला वरची वीतभर पुरते.”

झुंबरबाईंनी तिच्या हातातलं खुरपं घेतलं आणि दोन हात खोल खणलं. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. खालची माती त्यांनी वेगळ्या पिशवीत भरली.

जालन्यात वंदनाने दोन्ही नमुने तपासले. वरची माती स्वच्छ होती. खालच्या मातीत एंड्रिन निघालं. फवारलेलं औषध वरच्या थरात जास्त सापडतं. इथे वर काहीच नव्हतं. तिने तपासणी पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा. निकाल तोच.

आठवड्याने ती सांगायला गेली तेव्हा झुंबरबाई ओसरीवर दुधात भाकरी कुस्करत होत्या.

“वर नाही, मावशी. खालीच आहे.”

कुस्करणारी बोटं थांबली. पुन्हा चालू झाली.

“मी बाळंतीन, बाजंवर पडलेली. दूध पाजून आनते म्हनून नेली तिला. आनली तर झटके देऊन राह्यली. ताप हाय म्हनल्या.”

“कोण म्हणालं?”

झुंबरबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. खाटेवर त्यांची नव्वदीची सासू, तोंड उघडं ठेवून, वाट पाहत होती.

“आले, आत्याबाई!” त्या मोठ्याने म्हणाल्या. वाटी उचलून उठताना वंदनाला म्हणाल्या, “माझ्याच हातचं लागतं त्यान्ला.”