धिंगाणा पार्टीचा तवा

वाशीमची धिंगाणा बँड पार्टी लग्नात वाजवायला लागली की मांडवातल्या म्हाताऱ्या तोंडावर पदर घ्यायच्या आणि पदराआडून मनसोक्त हसायच्या. गळा मानोऱ्याजवळच्या तांड्यावरल्या चंपाबाईचा, ढोल तिच्या भावाचा, हरिसिंगचा, आणि क्लॅरिनेट देवमनचं. चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या एका साहेबानं होळीच्या गाण्यांचा ग्रामोफोनचा तवा काढायला त्यांना बोलावलं.

देवमननं घरी कळवलं नाही. त्याचे वडील भिवाजी तरुणपणी पाटलाच्या दारात हलगी वाजवत. हाक आली की हातातलं ताट सारून जायचं, अंगणातच उभं राहायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी ती हलगी चुलीत घातली. पोरगा बँडमध्ये शिरला तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "मी ज्याच्यातून निंगालो, त्याच्यातच तू जाऊन राह्यला." पुढं दोन वर्षं बापलेकात अबोला.

नागपुरात साहेबानं गाणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. व्याह्याचं धोतर नदीत वाहून जातं, तो उघड्या ढुंगणानं कोर्टात उभा राहतो आणि इनबाई, म्हणजे विहीण, त्याची ओळख पटवते. कशावरून पटवते, ते सगळं खुलासेवार.

"बाई, हे शब्द बदला. घरोघरी लेकीबाळी ऐकतील."

"लेकीबाळीच गातात हे. मायी माय गाये, तिची माय गाये," चंपाबाई म्हणाली. "ढुंगणाले ढुंगण नाई म्हनाव त काय म्हनाव, साहेब?"

हरिसिंगनं ढोल खांद्याला लावला आणि तो दाराकडे निघालासुद्धा. साहेब हसला, नमला. गाणं होतं तसंच तव्यावर उतरलं. मग नावांची गोष्ट निघाली. तव्याच्या पाकिटावर फक्त गाणारीचं नाव येईल, असं साहेब म्हणाला.

"वाजवनारे का भुतं हायेत?" चंपाबाई उसळली. "पयले देवमनचं लिवा. बापाच्या नावासकट."

आता घरी कळणार, हे देवमनला उमजलं. पण चंपामावशीपुढे बोलणार कोण?

दोन महिन्यांनी तो आईला भेटायला गावी, जऊळक्याला, उतरला. स्टेशनाबाहेर रामधनच्या हॉटेलात तोच तवा वाजत होता आणि माणसं बाकांवर हसून लोळत होती. कोपऱ्यात भिवाजी बसले होते. हातात तव्याचं पाकीट.

"रामधननं वाचून दाखवलं," भिवाजी म्हणाले. "देवमन भिवाजी पडघान. मायं नाव कायले टाकलं?"

"चंपामावशीनं टाकाले लावलं, बाबा."

"कोनाच्या दारात वाजवलं हे?"

"दारात नाई. खोलीत, खुर्चीवर बसून. साहेबानं आमच्यासंगच चहा घेतला."

"खुर्चीवर," भिवाजी स्वतःशीच म्हणाले. त्यांनी पाकिटावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिले. "गान्यातले शब्द मले पटले नाई. पन वाजवलं तू चांगलं. रामधन, पुन्यांदा लाव."

देवमननं तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या आठवड्यात भिवाजी पायलीभर तुरीची डाळ घेऊन त्याच्यासोबत तांड्यावर गेले. चंपाबाई अंगणात गोधडी टाचत होती.

"बाई, पोराचं नाव तुमी पयले लावलं," भिवाजी हात जोडून म्हणाले. "आमच्या घरच्याचं नाव आजवर कोनी असं लावलं नोतं."

चंपाबाईनं सुई बाजूला ठेवली. "क्लॅरिनेट नसतं त मायं गानं कोन आयकलं असतं, दादा?" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

देवमन खाटेवर वडिलांच्या शेजारी बसला. दोन वर्षांत ते इतके जवळ बसले नव्हते. आत चंपाबाई साखरेचा डबा शोधत कुणाला तरी कचकचीत शिव्या देत होती, आणि भिवाजी, कधी न हसणारे भिवाजी, खाली मान घालून खुदखुदत होते.