स्लॅबच्या आधीची तपासणी

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास उमरेड रोडवर नव्याने उभ्या राहत असलेल्या एका इमारतीच्या पोर्चचा स्लॅब ओतता ओतताच कोसळला. खाली टेकू ठोकत असलेला सेंटरिंग कामगार चंदन त्यात सापडला. इतर कोणाला लागले नाही.

बाहेर काढले तेव्हा चंदन शुद्धीवर होता, पण त्याचे पाय हलत नव्हते. विटा वाहणाऱ्या पिकअपमध्ये घालून त्याला मेडिकल या सरकारी दवाखान्यात न्यायचे ठरले. त्याची बायको रुचिका याच साइटवर घमेली वाहणाऱ्या मजूर बायांमध्ये, म्हणजे रेजांमध्ये, होती. ती गाडीत चढू लागली, तेव्हा ठेकेदार वसंतने दंड धरून तिला खाली ओढले.

"एकही बाई इथून हलणार नाही. आधी तपासणी होईन."

तपासणी टेकूंची नव्हती. सकाळच्या स्लॅबपूजेत नारळ नासका निघाला होता. पाळी चालू असलेली कोणी तरी बाई स्लॅबवर चढली असणार, असा त्याचा अर्थ वसंतने लावला. त्याच्या साइटवर तसा नियमच होता. स्लॅबच्या दिवशी अशा बाईने घरी बसायचे. हजेरी बुडते म्हणून बाया ते लपवत, हेही त्याला ठाऊक होते.

संडासाच्या पत्र्यामागे आठ बायांना रांगेत उभे केले गेले. पाहण्याचे काम शोभाताईंवर आले. अठ्ठावन्न वर्षांच्या शोभाताई या रेजांच्या टोळीप्रमुख. "साडी वर कर वं," एवढेच त्या प्रत्येकीला म्हणत होत्या. साइट इंजिनीअर पुष्कर जवळच उभा होता आणि मोबाइलमध्ये पाहत होता. पिकअप निघून गेली. रुचिकाचा नंबर आला तेव्हा तिने शोभाताईंचा हात धरला.

"ताई, त्यायले नेलं. मले जाऊ द्या."

"दाखव अन् जाय."

तिचा तिसरा दिवस होता. शोभाताईंनी बाहेर येऊन सांगितले, "हे पाहा, चंदनचीच बायको."

"सोताच्या नवऱ्याले खाल्लं इनं," वसंत म्हणाला. त्याने गोमूत्र आणवले आणि कोसळलेल्या स्लॅबवर रुचिकाच्याच हाताने शिंपडून घेतले. चंदनचे रक्त सांडले होते ती जागाही तिलाच धुवायला लावली. मगच तिला सोडले.

ती मेडिकलला पोचायच्या आधी फोन पोचला होता. सासू जनाबाई वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या.

"तिथंच थांब. आता आणखी काय बाकी ठेवलं तुनं?"

"आई, पाणी तरी पाजू द्या त्यायले."

"तुह्या हातचं? अन् त्यानं प्यावं?"

मणका मोडला आहे, पाय परत हलतील की नाही हे आज सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बुधवारी संध्याकाळी जनाबाई चहाला गेल्या, तेव्हा रुचिका खाटेजवळ जाऊन बसली.

"टेकूखाली फळ्या नव्हत्या ना?"

"नव्हत्या," चंदन म्हणाला. "भराव ताजा होता. टेकू रुतून राहिले होते. मी पुष्कर साहेबाले सांगतलं. तं म्हणे, पोर्चच तं हाये."

"मंग?"

"फळ्या नव्हत्या हे खरंच हाये. पण तू काहून चढली वं वर?"

रुचिकाने चादर नीट केली आणि जनाबाई यायच्या आत उठून बाहेर आली.

इमारतीच्या मागच्या बाजूचा स्लॅब शनिवारी ओतायचा होता. तिथेही खाली तोच ताजा भराव होता आणि टेकू तसेच मातीवर उभे होते. गुरुवारी रुचिकाने पुष्करला गेटवर गाठले.

"साहेब, शनिवारच्या आधी तपासणी बोलवा."

"हे बघ, माझा या विटाळ-बिटाळावर अजिबात विश्वास नाही," पुष्कर म्हणाला. "आमच्या घरी हे कधीच पाळलं नाही."

"मंग सांगा ना सगळ्यायले, फळ्या नव्हत्या म्हणून."

"लोकांचं समाधान झालंय आता. काम सुरू झालंय. तू कशाला उकरून काढतेस?"

"समाधान माह्यावर झालं ना साहेब."

पुष्करने हेल्मेट घातले आणि तो आत गेला.

दहावी शिकलेल्या रुचिकाने स्वतःच अर्ज लिहिला. शुक्रवारी ती बांधकामांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज पूर्ण वाचला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि सोमवारी सकाळी येतो म्हणून सांगितले.

"उद्या स्लॅब पडला तं खालचं काहीच दिसणार नाही साहेब. आज या."

"आज गाडी सावनेरकडे गेली आहे, ताई. उद्या-परवा सुट्टी. पाहिल्याशिवाय मला काम थांबवता येत नाही."

तपासणी सोमवारी आणि स्लॅब शनिवारी. स्लॅब दोन दिवस लांबवणे कोणाच्याच हातात नव्हते. घमेली वाहायला बाया नसत्या, तर मात्र स्लॅब झाला नसता.

संध्याकाळी साइटबाहेरच्या रेतीच्या ढिगावर शोभाताईंसह बाकीच्या आठही जणी हातपाय धूत बसल्या होत्या. रुचिकाने त्यांना एवढेच सांगितले, की वसंत पाळीचे विचारेल तेव्हा सगळ्यांनी हो म्हणायचे.

"अन् परत पत्र्यामागं नेलं तं?" प्रणाली नावाच्या मुलीने विचारले. शोभाताई तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत दुसरीकडे पाहत होत्या.

थोड्या वेळाने वसंत आला. "उद्या कोण बाहेरची हाये? आत्ताच सांगा, मंग रडू नका."

"मी," प्रणाली म्हणाली. मग आणखी एक, मग दोघी. पाचवीने नाही म्हटले. तिचा नवरा मिक्सर चालवायचा आणि तो वसंतच्या शेजारीच उभा होता. तिच्यामागून आणखी दोघींनी माना हलवल्या.

"सीझन चालू झाला का गा या सगळ्यायचा?" वसंत म्हणाला आणि गडी हसले.

"मीपण," शोभाताई म्हणाल्या.

हसणे वाढले. "शोभाताई, तुमचं दुकान कधीचं बंद झालं."

"उघडलं परत." त्यांनी खर्रा थुंकला. "तपासतो का?"

हसणे थांबले. वसंतने पाचही जणींना उद्या गेटात पाय ठेवू नका म्हणून बजावले. शोभाताई उठून रुचिकाजवळ येऊन उभ्या राहिल्या. रुचिका त्यांच्याशी बोलली नाही.

शनिवारी सकाळी वसंतने मजुरांच्या ठिय्यावरून टेम्पोत सहा नव्या बाया आणल्या. गेटवर त्याने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. समोरच्या फुटपाथवर रुचिका, शोभाताई आणि त्या चौघी उभ्या होत्या. मंगळवारी इथे काय पडले आणि नंतर कोणाला तपासले गेले, हे रुचिकाने रस्त्यापलीकडून मोठ्याने सांगितले.

साडेनऊपर्यंत हाती आलेली माहिती एवढीच आहे. सहापैकी दोघी आत गेल्या आहेत. चौघी गेटवरच थांबल्या आहेत, त्यांनी वसंतला उत्तर दिलेले नाही. मिक्सर अजून सुरू झालेला नाही. मागच्या बाजूचे टेकू मातीवरच आहेत. पुष्कर साइटवर आहे, त्याने फळ्या मागवलेल्या नाहीत. मेडिकलमध्ये चंदनचे पाय हललेले नाहीत. तपासणी सोमवारी आहे.